स्पोर्ट्स कारचा कारखाना पाहायला जाताय? गाडीआधी घड्याळ बघा

आदिलाबाद : इकडच्या पोरांना ‘कारखाना’ म्हटलं की आधी जिनिंग आठवतं. कापसाच्या गाड्यांची रांग, नाकातोंडात जाणारी रुई, आणि मशीन सुरू झालं की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागेल एवढा आवाज. अशा गावातून गेलेला आयटीआयचा किंवा पॉलिटेक्निकचा विद्यार्थी महागड्या, वेगवान गाड्यांच्या असेंब्ली प्लांटमध्ये पहिल्यांदा शिरतो, तेव्हा त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा : काम चालू आहे ना इथं?

कारण आत शांतता असते. फरशी इतकी स्वच्छ की चप्पल काढून जावंसं वाटावं. पिवळ्या पट्ट्यांच्या आतूनच चालायचं, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावायचं, पायात बंद बूट हवेत. आणि ज्या गाडीचा १०० किलोमीटरचा वेग चार-पाच सेकंदांत येतो म्हणून एवढं कौतुक, ती गाडी तिथं गोगलगाईसारखी सरकत असते. जर्मनीतला पोर्शेचा कारखाना पाहून आलेले असोत की अमेरिकेतला कॉर्व्हेटचा, बहुतेकांच्या सांगण्यात या तीन गोष्टी असतातच : शांतता, स्वच्छता आणि संथपणा.

पहिल्या दोन गोष्टी फोटोतही दिसतात. तिसरी समजून घेण्यासारखी आहे.

एका माणसाला किती मिनिटं?

असेंब्ली लाइनवर प्रत्येक ठिकाणच्या कामगाराला ठरावीक वेळ मिळतो. तेवढ्या वेळात त्याचं काम झालं पाहिजे, कारण मग पुढची गाडी समोर येते. या वेळेला कारखान्यात ‘टॅक्ट’ म्हणतात. शब्द जर्मन आहे, संगीतातल्या ठेक्यासाठी वापरतात तोच. साध्या, खपाच्या गाडीच्या मोठ्या कारखान्यात हा ठेका साधारण मिनिटभराचा असतो. म्हणजे एक माणूस दिवसभरात तेच चार बोल्ट चारशेहून जास्त वेळा आवळतो.

आता कॉर्व्हेट घ्या. ही शेव्हरोलेची दोन सीटांची गाडी १९८१ पासून केंटकी राज्यातल्या बोलिंग ग्रीन या एकाच गावात बनते. पहिल्या वर्षी, १९५३ मध्ये, मिशिगनमधल्या फ्लिंटला फक्त ३०० गाड्या बनल्या होत्या. सगळ्या पांढऱ्या, आतून लाल. २०२३ च्या मॉडेलच्या गाड्या बनल्या ५३ हजारांहून जास्त. वर्षाचे २५० दिवस आणि दोन पाळ्या धरून भागाकार केला तर एका गाडीला साडेचार मिनिटांच्या आसपास वेळ येतो. म्हणजे साध्या गाडीवरच्या कामगाराला मिळतो त्याच्या चौपट.

वेळ जास्त म्हणजे कामगाराच्या हातात कामही जास्त. चार बोल्टऐवजी तो वायरिंगचा पूर्ण जोड बसवतो, तपासतो, चुकलं तर तिथंच सुधारतो. तो काम शिकतो. वर्षभरानं त्याला गाडीचा एक भाग कळलेला असतो, नुसता बोल्ट नाही. म्हणून इंडस्ट्रियल व्हिजिटला गेलेल्या पोरांनी रोबोटचे हात बघून झाले की भिंतीवरच्या घड्याळाकडे बघावं. एक गाडी एका ठिकाणी किती वेळ थांबते ते मोजलं की त्या जागेवर माणूस किती शिकेल याचा अंदाज येतो. गाइड हे सांगत नाही, कारण त्याला कोणी विचारतच नाही.

लाइनवरचं लग्न

टूरमध्ये सगळे मोबाइल काढायला बघतात (आणि लगेच ओरडा खातात) ती जागा म्हणजे ‘मॅरेज’. रंगवलेली बॉडी वरून टांगून आणतात. खालून एका ट्रॉलीवर इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल असं सगळं जोडून येतं. ट्रॉली वर उचलली जाते, दोन्ही भाग मिलिमीटरच्या हिशेबानं जुळतात आणि बोल्ट आवळले जातात. जर्मन कामगारही या जागेला ‘लग्न’च म्हणतात. आपल्याकडच्या माणसाला हे समजायला दुभाषी लागत नाही. अंतरपाट नाही आणि जेवण नाही, एवढाच फरक.

बोल्ट आवळायचं हत्यार मात्र नीट बघण्यासारखं. तो आपला नेहमीचा पाना नसतो. विजेवर चालणारा नट-रनर असतो, वायरनं किंवा वायरलेसनं संगणकाला जोडलेला. ठरलेला टॉर्क मिळाला की हिरवा दिवा लागतो आणि त्या गाडीच्या नावावर तो आकडा नोंदवला जातो. कमी पडला तर लाल. उद्या त्या गाडीचं चाक ढिलं झालं तर तो बोल्ट कोणत्या तारखेला, कोणत्या हत्यारानं, किती जोरानं आवळला हे काढता येतं.

दुसरी गोष्ट सुट्या भागांची. लाइनवर एकामागून एक येणाऱ्या दोन गाड्या सारख्या नसतात. एक डाव्या स्टिअरिंगची, दुसरी उजव्या. एकीच्या सीट लाल, दुसरीच्या काळ्या. मग चुकीचा भाग कसा लागत नाही? तर बऱ्याच कारखान्यांत प्रत्येक गाडीसोबत तिच्यापुरत्या भागांची ट्रॉली चालते. शाळेतल्या पोराचा डबा त्याच्याच दप्तरात असतो तसं.

ही शिस्त जर्मनांची जन्मजात आहे असं समजू नका. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पोर्शे बुडायच्या बेतात होती. तेव्हाचे प्रमुख वेंडेलिन वीडेकिंग यांनी टोयोटाच्या पद्धतीत तयार झालेले जपानी सल्लागार श्टुटगार्टमधल्या त्सुफेनहाउझेन कारखान्यात आणले. डोक्याच्या वर गेलेले भागांचे रॅक बघून एका सल्लागारानं विचारलं म्हणे, की हे तर गोदाम दिसतंय, कारखाना कुठं आहे? मग ते रॅक निम्मे कापायचं ठरलं आणि पहिली करवत प्रमुखांनी स्वतःच्या हातानं चालवली. हा किस्सा उत्पादन व्यवस्थापनाच्या वर्गात आजही सांगतात. आज तिथं गेलेल्याला लाइनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत स्पष्ट दिसतं, त्याचं कारण ती करवत.

सहीची पट्टी

आता आपल्या जवळचा कारखाना. मराठी मुलखात वेगवान गाडीचा जो कारखाना पाहता येण्यासारखा आहे, तो पुण्याजवळ चाकणला, मर्सिडीज-बेंझचा. कंपनी भारतात १९९४ ला आली. सुरुवातीला गाड्या पिंपरीला टेल्कोच्या आवारात जोडल्या जात. २००९ पासून चाकणला स्वतःचा कारखाना आहे, सुमारे १०० एकरांवर. क्षमता वर्षाला २० हजार गाड्यांची. ३०० दिवस आणि एक पाळी धरली तर गाडीमागे सात मिनिटं येतात. म्हणजे वरच्या हिशेबात चाकण बोलिंग ग्रीनपेक्षाही संथ. पाहायला मिळणं सोपं नाही. तो काही राणीचा बाग नाही की तिकीट काढलं आणि गेलं. कॉलेजनं लेटरहेडवर पत्र द्यायचं आणि वाट बघायची.

या चाकणच्या लाइनवर नोव्हेंबर २०२० मध्ये पहिली ‘एएमजी’ बाहेर पडली. एएमजी म्हणजे मर्सिडीजचा वेगवान गाड्यांचा विभाग. १९६७ मध्ये आउफ्रेख्ट आणि मेल्शर या दोन इंजिनिअरांनी काढलेली ही कंपनी. त्यांच्या आडनावांचा ए आणि एम. जी हा आउफ्रेख्ट यांच्या ग्रोसआस्पाख गावाचा. गावाचं नाव कंपनीत घालणारा माणूस जर्मनीतही असतो तर!

चाकणला जोडलेली पहिली एएमजी होती जीएलसी ४३ कूपे. तीन लिटरचं व्ही-सिक्स इंजिन, ३९० हॉर्सपॉवर, शून्य ते १०० किलोमीटर ४.९ सेकंदांत. तेव्हाची किंमत ७६ लाख ७० हजार. पुढच्या वर्षी ए ३५ सेडान आली. कोणी म्हणेल, या काही दोन दारांच्या, जमिनीला चिकटलेल्या खऱ्या स्पोर्ट्स कार नाहीत. बरोबर आहे. एक उंच गाडी, एक चार दारांची. पण लाइन, हत्यारं आणि तपासणीची पद्धत तीच, आणि आपल्या माणसाला हात लावता येईल अशी जवळची गाडी हीच.

इथं एक बारकावा आहे. एएमजीचं नाव झालं ते ‘एक माणूस, एक इंजिन’ या पद्धतीमुळं. जर्मनीतल्या अफाल्टरबाख गावात एक कारागीर ट्रॉली घेऊन सगळ्या टप्प्यांवरून फिरतो, सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण इंजिन एकटा जोडतो आणि शेवटी त्यावर स्वतःच्या सहीची पट्टी लावतो. कोट्यवधीच्या गाडीचं बॉनेट उघडलं की त्या कामगाराचं नाव वाचायला मिळतं. जगात किती कारखान्यांत मजुराला हा मान आहे?

पण ही पट्टी प्रत्येक एएमजीवर नसते. चाकणला आधी आलेल्या ४३ आणि ३५ या दोन्ही गाड्यांची इंजिनं त्या पद्धतीची नव्हती. ती नेहमीच्या लाइनवर तयार झालेली. म्हणजे जिथं माणसाच्या हाताला सर्वात जास्त वेळ मिळतो ते काम अफाल्टरबाखलाच राहिलं, आणि चाकणला आली ती जोडणी.

पेटीतून येणारी गाडी

मग ही गाडी भारतात ‘बनली’ म्हणायचं का? याचं उत्तर बरंचसं कस्टमच्या तक्त्यात आहे.

२०२० मध्ये ४० हजार डॉलरपेक्षा महाग अशी तयार गाडी परदेशातून आणली तर त्यावर १०० टक्के मूळ सीमाशुल्क लागत होतं. बाकीचे कर वेगळे. तीच गाडी सुट्या भागांत आणली, इंजिन-गिअरबॉक्स आधीच जोडलेले नसले, तर शुल्क १५ टक्के. सुट्या भागांच्या या संचाला सीकेडी म्हणतात. एवढा फरक असला की कंपनी इथं शेड उभारते, माणसं नेमते आणि पेट्या उघडते. मोठ्या गाड्यांचे बरेच ‘भारतीय’ कारखाने या फरकावर उभे आहेत. त्यात लपवण्यासारखं काही नाही. देशात रोजगार यावा म्हणूनच ती रचना आहे.

पण पाहुण्यानं हे माहीत असूनच बघावं. लाइनच्या शेवटी उभी चकचकीत गाडी बघून ‘आपण बनवली’ म्हणायचा मोह होतो. आत काय कुठून आलं हे बघायचं तर भाग जिथं उतरतात त्या गेटवर, पेट्यांवरची गावांची नावं वाचावीत. पूर्ण भारतीय स्पोर्ट्स कारचा प्रयत्नही पुण्यातच झाला होता. दिलीप छाब्रिया यांच्या डीसी कंपनीनं २०१२ च्या दिल्लीतल्या ऑटो एक्स्पोमध्ये ‘अवंती’ दाखवली, दोन सीटांची, इंजिन सीटच्या मागं. तिचंही इंजिन रेनोचं होतं. गाडी रस्त्यावर आली, फार काळ टिकली नाही. वर्षाला काहीशे गाड्यांसाठी स्वतःचं इंजिन तयार करणं सहसा परवडत नाही. परदेशातल्या बऱ्याच छोट्या कंपन्याही दुसऱ्याचंच इंजिन घेतात.

लाकडाची स्पोर्ट्स कार

आदिलाबादच्या वाचकाला सगळ्यात जवळचा वाटेल असा कारखाना मात्र ना पुण्यात ना जर्मनीत. तो इंग्लंडमधल्या मॉल्वर्न गावात आहे, मॉर्गन कंपनीचा. १९०९ पासूनची ही कंपनी. तिच्या गाडीच्या बॉडीचा सांगाडा आजही लाकडाचा असतो. ॲश नावाच्या झाडाचं लाकूड, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा. लोक सांगतात की मॉर्गनची चासी लाकडाची असते, ते चूक. चासी धातूचीच असते, पूर्वी पोलादी आणि आता ॲल्युमिनियमची. लाकूड असतं ते तिच्यावरच्या बॉडीत.

हा कारखाना पैसे भरून कोणालाही बघता येतो आणि तिथं सरकती लाइन नाही. विटांच्या जुन्या शेड उतारावर आहेत. गाडी एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये माणसं ढकलत नेतात. आत सुताराचा रंधा चालू असतो, खाली भुसा पडलेला असतो. ज्या जिल्ह्याचं सागवान सगळीकडं नाव काढून आहे आणि ज्याच्या निर्मलमधले कारागीर (निर्मल २०१६ मध्ये वेगळा जिल्हा झाला) पोनकीच्या हलक्या लाकडाची खेळणी घडवतात, तिथल्या सुताराला हे दृश्य परकं वाटू नये.

१९९० मध्ये ब्रिटिश टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात उद्योगपती सर जॉन हार्वे-जोन्स यांनी या कारखान्याला सल्ला दिला होता : उत्पादन वाढवा, किंमत वाढवा, जुन्या पद्धती सोडा. मॉर्गन कुटुंबानं तो बहुतेक नाकारला. तेव्हा गाडीसाठी ग्राहकांना काही वर्षं थांबावं लागायचं. कारखाना तरीही चालला. २०१९ मध्ये मोठा हिस्सा एका इटालियन गुंतवणूक कंपनीकडं गेला, पण रंधा थांबला नाही. तिथल्या कामगाराचं घड्याळ मिनिटांचं नसून दिवसांचं आहे.

टूरमध्ये न दिसणारं

हे सगळं बघून आलेल्या पोराच्या डोक्यात एकच विचार असतो : इथं लागता येईल का? गाडीची किंमत, टॉप स्पीड यापेक्षा या प्रश्नाचं उत्तर सीमेवरच्या घरांना जास्त महत्त्वाचं आहे. आदिलाबाद शहरातला सिमेंट कारखाना किती वर्षांपासून बंद पडलाय हे इथं कोणाला सांगायला नको.

कागदावर दार उघडं आहे. आयटीआयचं एनसीव्हीटी प्रमाणपत्र देशभर चालतं. तेलंगणात घेतलं म्हणून चाकणला कमी होत नाही. तेलंगणातल्या ६५ सरकारी आयटीआयमध्ये टाटा टेक्नॉलॉजीजसोबत ‘ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी सेंटर’ उभारायचं काम २०२४ मध्ये सुरू झालं. रोबोटिक्स, सीएनसी, इलेक्ट्रिक गाडीचा मेकॅनिक असे ट्रेड त्यात आहेत. नट-रनरला संगणक जोडलेला असतो हे ज्यानं आयटीआयमध्येच पाहिलंय, तो लाइनवर गोंधळणार नाही. भाषेचीही अडचण नाही. बेला, जैनथ, तांसीचा पोरगा चाकणच्या सुपरवायझरशी मराठीत बोलेल. आपल्या बोलीतलं ‘काहून’ ऐकून तिकडचे दोन दिवस हसतील, मग सवय होईल.

पण दोन गोष्टी आधीच माहीत हव्यात. पहिली अप्रेंटिसशिपची. १९६१ च्या कायद्यानुसार अप्रेंटिस हा शिकाऊ असतो, कामगार नाही. त्याला पगार नाही, स्टायपेंड मिळतो, आणि मुदत संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन कंपनीवर नसतं, करारात तसं लिहिलेलं नसेल तर. ‘पुण्याला मोठ्या कंपनीत लागला’ असं गावभर सांगून पेढे वाटण्याआधी तो कागद नीट वाचावा. टूरमध्ये सगळ्यांचा गणवेश सारखाच दिसू शकतो. कोण कायम, कोण ठेकेदाराचा, कोण शिकाऊ हे चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं.

दुसरी गोष्ट रहिवासाची. महाराष्ट्र सरकारच्या सवलती घेणाऱ्या उद्योगांसाठी ८० टक्के माणसं स्थानिक असावीत असं धोरण आहे, आणि स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात १५ वर्षं रहिवास असलेला. मराठी बोलणारा असं त्यात लिहिलेलं नाही. पैनगंगेच्या पलीकडच्या काठावरच्या पोराकडं हा दाखला असतो, अलीकडच्याकडं नसतो. दोघांची भाषा एक, शेत एकाच मातीत, कधी कधी मामाचं घरही पलीकडंच. पण दाखला मागितला की तो उरलेल्या २० टक्क्यांच्या रांगेत. याचा अर्थ जाऊच नये असा नाही. त्या २० टक्क्यांतही माणसं लागतात. घरात लहानपणापासून मराठी बोललो म्हणजे आपण ‘स्थानिक’, या भरवशावर मात्र जाऊ नये.

कॉलेजची व्हिजिट ठरली की बंद बूट, ओळखपत्र आणि कॉलेजचं पत्र लागतं. गाइड शेवटी ‘काही प्रश्न?’ म्हणून विचारतो, तेव्हा बहुतेक मुलं टॉप स्पीड विचारतात. तो आकडा मोबाइलवर मिळतो. विचारायचं असेल तर हे विचारा : या लाइनचा टॅक्ट किती मिनिटांचा आहे, इंजिन कुठून येतं, आणि गेल्या वर्षी अप्रेंटिसशिप संपलेल्यांपैकी किती जण आज या लाइनवर उभे आहेत?